खालचा टप्पा नदीचा : संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावबागेचं प्रकरण

आमच्या नदीकाठच्या बागेबद्दल ऐकून आजूबाजूच्या गावांतले लोक येतात. सरपंच येतात, ग्रामसेवक येतात, बचत गटाच्या बायका येतात. चहा झाला की पहिला प्रश्न ठरलेला : "अंदाजपत्रक केवढ्याचं होतं?" मी कपाटातली दोनशे पानी वही काढून पुढे ठेवतो. तिच्यात घमेली, कोयते आणि वाड्यांच्या सह्या आहेत. माणसं दोन पानं चाळतात आणि परत विचारतात, "ते ठीक, पण खर्च?" म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतो आहे. मी बागेच्या समितीचा खजिनदार. स्टँडवर माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे हिशेब माझ्याकडे आणि गावाची कुरबुरही माझ्याकडेच. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही घरांच्या सातबाराच्या गोष्टी येणार आहेत.

गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, शास्त्री नदीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या खोऱ्यात आहे. शास्त्री प्रचितगडाच्या बाजूला उगम पावते, संगमेश्वराला सोनवीला भेटते आणि जयगडला समुद्राला मिळते. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत सरळ रेषेत अंतर साठेक किलोमीटर. एवढ्याशा वाटेत नदी घाटावरून कोसळते, सपाटीला येते आणि खारी होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्यामुळे आमची नदी दोन वेगवेगळ्या नद्यांसारखी वागते. जुलैत साकवाला, म्हणजे गावच्या लहान पुलाला, घासून जाते, आणि एप्रिलमध्ये कोंडीत, म्हणजे पात्रातल्या डोहात, तेवढं पाणी उरतं, बाकी गोटेच गोटे. घाटमाथ्यावरच्या शहरांचे आराखडे इथे आणून डकवायचे म्हटलं की या दोन नद्यांपैकी एकच विचारात घेतली जाते. आम्हीही तेच केलं होतं.

कमानीची बाग

साकवाच्या खालच्या अंगाला, उजव्या काठावर साधारण पंचवीस गुंठ्यांची जागा. वर एक जुना करंज आणि दोन जांभळी, मधे उतार, खाली गोटे आणि पुळण. पूर्वी इथे गुरं पाण्यावर यायची, बायका धुणी आणायच्या. घराघरांत नळ आले, गुरं कमी झाली आणि तिथे कोणाला काही काम उरलं नाही. मग निर्माल्य, थर्माकोलची मखरं, बाटल्या, सलूनमधले केस, सगळं तिथे पडायला लागलं. 2017 च्या थंडीत शाळेतल्या मुलांनी आणि बचत गटातल्या बायकांनी रविवार धरून ती जागा साफ केली. करंजाखाली चार चिरे मांडले. खरं म्हणजे बाग तेव्हाच झाली होती, आम्हाला ते कळलं नाही एवढंच.

दोन वर्षांनी 'सुशोभीकरणा'चा निधी आला. उतारावर पेव्हर ब्लॉक, आरसीसीची बाकडी, लोखंडी झोपाळे, घसरगुंडी, नदीच्या कडेने रेलिंग आणि रस्त्याच्या बाजूला कमान. कमानीसाठी सगळ्यात जास्त आग्रह मी धरला होता, हे इथे नोंदवून ठेवतो. उद्घाटनाला मंडप पडला, नारळ फुटला. दुसऱ्या दिवसापासून बाग कोणाची, हा प्रश्न सुरू झाला. ग्रामपंचायतीचा शिपाई एक. त्याने पाणी सोडायचं, पट्टी वसूल करायची की पेव्हरमधलं गवत उपटायचं? बचत गटाच्या बायका आता झाडू घेऊन यायच्या बंद झाल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं : ठेकेदाराने पैसे घेऊन केलंय, आम्ही फुकट का झाडायचं?

22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली, महाडात पाणी शिरलं, तळिये गावावर दरड आली. त्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सगळा घाटमाथाच ओतत होता. आमच्याकडे माणसं वाचली, काठचे गोठे गेले. पाणी उतरल्यावर आधी घरांतला चिखल काढायचा होता. आरोग्य केंद्रातून लेप्टोचा ताप होऊ नये म्हणून गोळ्या वाटल्या. बागेकडे कोणी फिरकलं ते चौथ्या-पाचव्या दिवशी.

पेव्हर ब्लॉक फार लांब गेले नव्हते. त्यांच्याखालची वाळू पाण्याने ओढून नेली होती आणि ब्लॉक एकमेकांवर कलंडून पडले होते, उधळलेल्या पत्त्यांसारखे. घसरगुंडी सापडलीच नाही. रेलिंगचं जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण तेवढ्यावरून आमचं सगळं पुढचं गणित बदललं. वाहत आलेल्या फांद्या, केळीचे बुंधे, प्लास्टिक, कोणाच्या तरी गोठ्याचे वासे, सगळं त्या उभ्या-आडव्या सळ्यांत अडकलं होतं. रेलिंगची भिंत झाली, पाणी तिच्यावर चढलं, पलीकडे कोसळलं आणि कोसळलं तिथे त्याने जमीन उकरली. शेवटी रेलिंग पायाच्या काँक्रीटसकट गेलं आणि काठाचा एक मोठा लचका घेऊन गेलं. त्याच रेषेत दहा पावलांवर, जिथे रेलिंग नव्हतं आणि नुसत्या शेरणी-निगडीच्या झुडपांच्या जाळ्या होत्या, तिथे जमीन एक इंच हलली नव्हती. उलट वर फूटभर मऊ गाळ बसला होता.

कमान उभी होती. मागे बाग नसलेली.

काहीच न केलेले नऊ महिने

कोविडचे दिवस होते, ग्रामपंचायतीकडे पैसे नव्हते, लोक आपापली घरं सावरत होते. पुढचे नऊ महिने बागेत कोणी हात घातला नाही. तेव्हा याची लाज वाटायची. आता वाटतं, एवढं शहाणपणाचं काम आम्ही आधी किंवा नंतर कधी केलं नाही.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गावातले एक आप्पा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. त्यांनी करंजाच्या बुंध्यावर तेलरंगाने पुराच्या पाण्याची रेघ मारली. सप्टेंबरातल्या मोठ्या पाण्याला दुसरी, खालची रेघ. गाळ कुठे बसला, कुठे तडे गेले, कुठे आपणहून काय उगवलं, हे ते वहीत लिहायचे. नदी तिथे वळण घेते आणि आमची जागा वळणाच्या पोटात येते. वळणाच्या पाठीला पाणी आपटतं आणि जमीन खातं, पोटात वेग मंदावतो आणि गाळ टाकतं. म्हणजे आमच्या बागेला नदी दरसाल काही ना काही देणारच होती. आम्हीच तिच्या वाटेत सळ्या रोवल्या होत्या.

आप्पांनी आणखी एक गोष्ट समजावली. पूररेषा दोन असतात. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. दोन्ही काठांच्या निळ्या रेषांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे बांधकाम नाही, जमीन मोकळीच ठेवायची. उद्यान, खेळाचं मैदान, हलकी पिकं, एवढंच चालतं. आमच्या लहान नदीवर अशी रेषा कोणी आखलेली नव्हती. आप्पा म्हणाले, "सरकारने नाही आखली तर करंजाने आखलीय. वाचा." उद्यान चालतं म्हटलं की लोकांना काँक्रीटही चालतं असं वाटतं, ही गफलत कोकणभर आहे. उद्यानाला परवानगी आहे ती ते मोकळं राहील म्हणून. लव्हाळ्याची म्हण भाषणात सगळ्यांना आठवते, अंदाजपत्रकात कोणालाच नाही.

भिंतीचा ठराव

1 मे 2022 ची ग्रामसभा. मे महिना, चाकरमानी गावात, त्यामुळे शाळेची पडवी भरलेली. विषय होता नदीकाठाला संरक्षक भिंत बांधून बागेची पुनर्बांधणी. निधी मिळणार असल्याचा निरोप होता, फक्त ठराव द्यायचा होता. सूचक तयार, अनुमोदक तयार. मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष उभे राहून म्हणाले की चिपळूणला लोकांना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा कुठे वाशिष्ठीचा गाळ निघायला लागला, आपल्याला न मागता मिळतंय तर नको कशाला म्हणायचं? टाळ्या पडल्या. मुद्दा खोटाही नव्हता.

मग पल्याडवाडीतली एक काकी उठली. पल्याडवाडी म्हणजे वळणाच्या पाठीचा काठ. त्यांची मळी तिथे आहे. भात निघालं की वायंगणी भाजी, वाली, मुळा, लाल माठ.

"तुमी भित बांदलीत तर पानी जानार कुटं?" ती म्हणाली. "आमच्याच मळीत ना?"

कोणीतरी म्हणालं, "काकी, तुमच्या बाजूला पण पुढच्या वर्षी भिंत घेऊ."

"मंग पुडच्या वर्सी दोनी बांदा. यंदा कशाला येक?"

हसू झालं, पण आप्पांनी तोच धागा धरला. फळ्यावर वळण काढलं. एका काठाला भिंत घातली की पात्र अरुंद होतं, पाणी उंच चढतं आणि मऊ काठाकडे जातं. शिवाय भिंतीच्या पायथ्याशी पाणी गोटे उकरतं. पाया खडकापर्यंत नेला नाही तर चार-पाच पावसाळ्यांत भिंत फुगून कलते, आणि खडकापर्यंत न्यायचा तर जो निधी सांगितला जातोय त्यात निम्मी भिंतही होणार नाही. आमच्या काठाला तर नदी गाळ टाकते. तिथे भिंतीची गरजच काय?

दोन तास वाद झाला. "आलेला निधी परत पाठवायचा? येडे काय तुमी?" हे वाक्य किमान दहा जणांच्या तोंडून आलं. आम्ही म्हणालो, तोच निधी साकवाच्या दुरुस्तीला मागू. ठराव तसा झाला, थोड्या मतांनी. पुढे कळलं की लेखाशीर्ष वेगळं, पैसे असे वळवता येत नाहीत. निधी गेला तो गेलाच. साकव अजून तसाच आहे, कठडा एका बाजूने सुटलेला. त्या ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता आणि आजही करेन. पण पावसात शाळेची पोरं त्या साकवावरून जाताना दिसली की माझं मन खात्रीने सांगत नाही, हेही खरं.

चौदा नावं

प्रकरणातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग आता येतो. आमच्याकडे येणारे लोक नेमके इथे मोबाइल बघायला लागतात.

नदीचं पात्र सरकारचं. पण वरचा टप्पा, करंज आणि जांभळींची जागा, एका घराच्या सातबारावर होती. 2017 ला त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी शंभराच्या स्टॅम्पवर संमती लिहून दिली होती. भला माणूस. 2020 मध्ये ते गेले. वारस लागले तेव्हा सातबारावर चौदा नावं चढली : मुलगे, मुली, मयत भावाची मुलं. त्यातला एक पुतण्या बोरिवलीला. त्याने फोन करून विचारलं, "आमच्या जमिनीत तुम्ही काय चालवलंय?" स्टॅम्पचा कागद त्याच्या दृष्टीने चिठ्ठी होती, आणि कायद्याच्याही दृष्टीने फार काही वेगळी नव्हती. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. आमचं काहीच नोंदवलेलं नव्हतं, तरी आम्ही सरकारी निधीचे पेव्हर तिथे बसवले होते. कोणी विचारलं नाही म्हणून चाललं.

चौदा जणांना एका दिवशी एका जागी आणणं कोकणात वर्षातून एकदाच शक्य असतं. गणपतीत. 2022 च्या गौरी-गणपतीला बारा जण घरात होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दोन टमटम करून आम्ही त्यांना तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन गेलो. डोळ्यांत जागरणं, हातात करंज्यांचे डबे. उरलेल्या दोघांची मुखत्यारपत्रं आधीच मागवली होती. बोरिवलीचा पुतण्या शेवटपर्यंत येतो-नाही येतो करत होता. त्याची अट एकच निघाली : करंज तोडायचा नाही, त्याच्या आजोबांनी लावलाय. ती अट भाडेपट्ट्यात घातली. एवढ्यासाठी तो दोन वर्षं भांडत होता, आणि आम्ही त्याला आडमुठा समजत होतो. त्याला कोणी विचारायलाच गेलं नव्हतं.

भाडेपट्टा ग्रामपंचायतीच्या नावे केला, समितीच्या नाही. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 49 खाली ग्रामविकास समिती नेमता येते, आमची बागेची समिती त्या चौकटीत बसवली. वेगळी संस्था काढा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. संस्था काढली की पदं येतात, पदं आली की लेटरहेड येतं. ते आम्ही टाळलं. तरी खजिनदार म्हणून माझ्या नावाचा रबरी शिक्का कोणीतरी बनवून आणलाच.

पाळी

बाग राखायची कशी, यावर पहिला उपाय दंडाचा केला होता. दर घरातून महिन्याला एक माणूस, नाही आला तर शंभर रुपये. तीन महिन्यांत काय झालं? ज्यांची मुलं मुंबईत कमावती होती त्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि निवांत झाले. कामाला यायची ती रोजावर जाणारी माणसं, आपला रोज बुडवून. एकाने माझ्या दुकानात येऊन सांगितलं, "भाऊ, त्यानला सुट्टी इकत मिळते, मला न्हाय." दुसऱ्या दिवशी दंड रद्द केला, भरलेले पैसे परत केले.

मग देवळाच्या दिवाबत्तीची पाळी आठवली. ती कधी चुकत नाही. का चुकत नाही? भक्तीमुळे असं म्हणायला बरं वाटतं. पण माझं मत असं, की पाळी घेणारा पुढचा माणूस बघतो म्हणून चुकत नाही. समईला काजळी तशीच ठेवून पाळी दिलीत तर घेणारा चारचौघांत बोलतो.

वाड्या सात. बाग पावसाळ्यात बंद. ऑक्टोबर ते मे आठ महिने. सात वाड्यांचे सात आणि मे महिना मुंबईकर मंडळाचा. मंडळाने आधी पैसे देऊ केले. गावकीचं उत्तर गेलं : पैसे नकोत, माणसं पाठवा. क्रम ठरवताना मानाचा क्रम लावायचा नाही यावर समिती ठाम राहिली. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारात, यावरून इथे पिढ्या बोलेनाशा झाल्यात. आणि मानाच्या क्रमात बौद्धवाडीला तर कधी जागाच नव्हती. तिसरीतल्या एका मुलीला चिठ्ठ्या उचलायला लावल्या. पहिला ऑक्टोबर बौद्धवाडीला निघाला. काही चेहरे पडले. चिठ्ठी ती चिठ्ठी.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी करंजाखाली पाळी बदलते. सुरुवातीला वेळ साडेचार-पाचची होती. देणारी वाडी हत्यारं मांडते, घेणारी वाडी मोजते, मी लिहितो. पहिल्या वर्षी नोव्हेंबरअखेर कोंडवाडी सुतारवाडीला पाळी देत होती तेव्हाचं सांगतो.

"फावडी चार. पहारी दोन. कोयते पाच. घमेली पाच."

"घमेली सहा होती."

"पाच."

"वहीत बघा भाऊ."

वहीत सहा होती. कोंडवाडीच्या माणसांत थोडी चुळबूळ झाली. शेवटी एका पोराने बापाकडे न बघता सांगितलं, "आमच्या गोठ्यात हाय. शेन भरलंय त्यात."

"मंग शेनासकट आन," सुतारवाडीचा म्हणाला, "करंजाला घालू."

पोरगा पळत गेला, डोक्यावर घमेलं घेऊन आला. शेण करंजाच्या बुडात पडलं, घमेलं गोट्यांवर घासलं गेलं, वहीत सहा लिहिलं आणि दोन्हीकडचे अंगठे-सह्या झाल्या. मग सुतारवाडीची माणसं बाग फिरून आली. पायऱ्यांच्या कडेला बाटल्यांची रास होती. त्यांनी पाळी घेतली नाही. कोंडवाडीने अंधार पडेपर्यंत ती रास उचलली, विजेऱ्या लावून. गडग्याच्या कडेचं काम रात्री करू नका म्हणून मी ओरडत होतो, कारण चिऱ्यांच्या सापटीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं आणि आमच्या भागात फुरशाचं भय खोटं नाही. तेव्हापासून पाळी बदलायची वेळ तीन केली.

बाग आता कशी आहे

तीन टप्पे केले आहेत. खालचा टप्पा नदीचा. तिथे आमचं काही नाही. काठाला वाळ्याची रोपं तीन ओळींत लावली, त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. शेरणी, निगडी, वाळुंज जशी येतील तशी येऊ दिली. पुरात ती आडवी होतात आणि पाणी गेलं की उठतात. हातच लावायचा नाही, हा नियम लोकांच्या गळी उतरवायला वेळ लागला, कारण झुडूप दिसलं की 'रान माजलंय' म्हणून कोयता चालवायची सवय.

मधल्या टप्प्यावर जे आहे ते सुटं आहे. करंजाच्या आडव्या फांदीला दोन झोपाळे, सुताचा दोर आणि फणसाची फळी. मृग लागायच्या आत ते उतरवून देवळाच्या सभामंडपात ठेवायचे, दसऱ्याला परत टांगायचे. लोखंडी झोपाळ्यापेक्षा मुलं याच्यावर जास्त भांडतात. बसायला जांभ्याचे चिरे, सिमेंट न लावता नुसते रचलेले. पुरात दहा-वीस गडगडतात, गोट्यांतून शोधून परत लावायचे. ऑक्टोबरच्या पाळीचं हेच मुख्य काम, आणि ज्या वाडीला ऑक्टोबर येतो ती कुरकुरते. खरं तर दरवर्षी चिठ्ठ्या नव्याने टाकतो त्याचं कारण हेच.

वरच्या टप्प्याला कट्टा, फलक आणि हत्यारांची पेटी. संडास बागेत बांधला नाही. त्याच्या टाकीचं पाणी पाझरून कोंडीतच जाणार. शाळेचा संडास सुट्टीच्या दिवशी उघडा ठेवतो. पाहुणे नाराज होतात, होऊ देत.

डिसेंबरात खालच्या अंगाला रिकाम्या पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारा घालतो. पाणी तुंबतं, कोंड मार्चअखेरपर्यंत भरलेली राहते, पल्याडवाडीच्या मळीला ओल मिळते. ग्रामसभेत भांडलेली काकी त्या दिवशी सगळ्यांना पिठलं-भाकरी घालते. पावसाआधी पोती काढायची. एका वर्षी मे महिन्यात ती काढायची राहिली. पहिल्या पावसात पोती फुटली आणि फाटकं प्लास्टिक खाली दोन किलोमीटर झाडाझुडपांना लटकलं. मेची पाळी कोणाची होती हे वर लिहिलं आहेच.

कोंडीत मासे मारायचे की नाही, यावर एकमत नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथले मासे देवीचे म्हणून कोणी मारत नाही. तसं इथे करावं असं काहींचं म्हणणं. पण आमच्या कोंडीत देवी नाही, आणि पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणारे, मासे धरायचे नाहीत असं सांगायला जाईल त्याला गावात राहायचं आहे. सध्या एवढंच ठरलंय : विषारी पाला आणि ब्लीचिंग टाकून मारायचे नाहीत. दोनदा टाकलं गेलं. कोणी टाकलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, वहीत मात्र नाही.

पाहुण्यांचा त्रास वेगळाच. पावसाळ्यात बाग बंद असा फलक लावला तरी शनिवार-रविवारी गाड्या येतात, कारण पावसातच नदी देखणी दिसते. इथे ऊन असतं आणि घाटावर काळोख. ज्याला माहीत नाही तो पाण्यात बसून राहतो. पाणी वाढायच्या आधी त्याचा रंग बदलतो. निवळशंख पाणी चहासारखं होतं, वाळका पाला आणि काटक्या तरंगत येतात, आणि गोट्यांचा आवाज जड होतो. त्यानंतर हातात काही मिनिटंच असतात. फलकावर आम्ही 'धोका' लिहिलं होतं, कोणी वाचत नव्हतं. आता लिहिलंय : 'पाणी लाल दिसलं की कपडे घ्यायला थांबू नका.' हे वाचतात. फोटोही काढतात. खांबाला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधलेली असते, ती वहीत हत्यारांच्या यादीत मोजली जाते.

कमान अजून उभी आहे. पाडायला खर्च येतो आणि ती सरकारी मालमत्ता, परवानगी लागते. गुरववाडीने तिच्यावर कारल्याचा वेल चढवलाय.

यंदा फेब्रुवारीची पाळी मधल्यावाडीची निघाली आहे आणि त्यांच्याकडे त्या महिन्यात तीन लग्नं आहेत. त्यांनी जानेवारीशी अदलाबदल मागितली, खालचीवाडी द्यायला तयार आहे, पण बदल्यात बंधाऱ्याची पन्नास पोती मधल्यावाडीने भरून द्यावीत असं त्यांचं म्हणणं. काल रात्री दुकान बंद करताना दोन्हीकडची माणसं येऊन बसली होती. तीस पोत्यांवर आलेत.